‘नॉन-रिफंडेबल’ छापलंय म्हणून गप्प बसू नकोस

वैशू, काल फोनवर तू म्हणालीस, “ताई, सही करून बसलेय, आता कुठल्या तोंडाने पैसे मागू?” रात्री उशिरापर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं. सही केली की आपले हक्क संपले, हा समज आपल्या मनात इतका घट्ट बसलाय की पैसे अडवणाऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या हॉलिडे क्लबचं. मॉलमध्ये कुपन भरलंत, मग ‘तुमचा लकी ड्रॉ लागलाय, जोडीनंच यायचं’ असा फोन आला. जोडीनंच का, ठाऊक आहे? ‘घरी विचारून सांगते’ म्हणायची सोय राहू नये म्हणून. मग हॉटेलचा हॉल, कानठळ्या बसवणारी गाणी, प्रत्येक टेबलाशी एक गोडबोल्या मुलगा. मध्येच माइकवरून कुणा कुटुंबाचं अभिनंदन होतं, टाळ्या पडतात. तुम्ही ‘नको’ म्हणालात की त्याचा मॅनेजर येतो, किंमत झपकन खाली आणतो, पण ती ‘फक्त आजच्या दिवसापुरती’. कार्डाचं मशीन टेबलावर तयारच असतं. करार वाचायला त्या गोंगाटात कुणाला सवड मिळणार? तुझी काहीही चूक नाही गं. तो सगळा बेतच तुम्हाला विचार करू न देण्यासाठी आखलेला असतो.

युरोपात अशा मेंबरशिपवर सही केल्यानंतर १४ दिवस फेरविचाराची मुभा कायद्यानेच दिली आहे. आपल्याकडे हॉलिडे क्लबसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पण काही करारांत तशी मुदत लिहिलेली असते, बहुतेक वेळा मागच्या पानावर बारीक अक्षरात. आज सगळ्यात आधी ती शोध. मुदत शिल्लक असेल तर लगेच ई-मेल कर आणि रजिस्टर्ड एडी पत्रही टाक. फोनवर बोलून काही उपयोग नाही. फोनवर ते ‘हो हो, करतो मॅडम’ म्हणत राहतील आणि तेवढ्यात मुदत निघून जाईल.

आणि मुदत उलटली असली, तरी सगळं संपलं असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, म्हणजे जुलै २०२० पासून लागू झालेला नवा कायदा, यात ‘अन्यायकारक करार’ ही कल्पना पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आली. ग्राहकाने करार मोडला तर झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, किंवा कंपनीने वाटेल तेव्हा एकतर्फी करार संपवायचा, अशी कलमं त्यात बसतात. करारच अन्यायकारक ठरवून घ्यायचा असेल तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. पण ‘सांगितलं एक, दिलं दुसरं’ ही अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतली त्रुटी झाली, त्यासाठी तुझा जिल्हा आयोग पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये, बिल्डरविरुद्धच्या एका खटल्यात, म्हटलं की ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या ग्राहकावर एकतर्फी अटी लादता येत नाहीत.

मात्र एक खरं ते खरंच सांगते. ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं प्रत्येक कलम बेकायदा नसतं. तू ऐनवेळी सहल रद्द केलीस आणि व्हिसाची फी, विमानाचं तिकीट यांवर कंपनीचा खरोखर खर्च झाला असेल, तर तेवढा ती कापणारच. आपण मागायचं ते हे, की काय कापलं त्याचा हिशेब पावत्यांसकट द्या. सरसकट शंभर टक्के जप्त केले तर तो हिशेब त्यांना देता येत नाही, आणि तिथंच आपली बाजू भक्कम होते.

आता आई-बाबांच्या चारधाम सहलीचं बोलू. त्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण बाबा माणसाच्या शब्दावर पैसे देतात. आपल्याकडे टूर कंपनी काढायला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता घ्यावीच लागते असं नाही. ती ऐच्छिक आहे. त्यामुळे चकचकीत ऑफिस, भिंतीवर देवांचे फोटो, यावरून काही ठरवू नकोस. पत्रकच वाच, तेही पेन हातात घेऊन. ‘थ्री स्टार किंवा तत्सम हॉटेल’ यातलं ‘तत्सम’ म्हणजे कुठलं, ते नावानिशी लिहून माग. ‘दर्शन बाहेरून’ आणि ‘फोटो स्टॉप’ म्हणजे गाडीतून उतरायचं आणि परत बसायचं. ‘जॉइनिंग-लीव्हिंग’ म्हणजे दिल्ली किंवा हरिद्वारपर्यंतचा खर्च आपला. खोली दोघांची की तिघांची, जेवण रोज की काही दिवस, घोडा-डोलीचे पैसे धरलेत का, हे सगळं विचार. तोंडी जे जे कबूल करतील ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक अमुक ठरलं, बरोबर ना?’ त्यांचं नुसतं ‘ओके मॅडम’ आलं तरी आयोगापुढे ते कामी येतं.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरबद्दल मात्र कुणाचंच ऐकू नकोस. ते बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच होतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स दर हंगामात निघतात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये खास चारधामच्या यात्रेकरूंना याबद्दल सावध केलं होतं. चुकून पैसे गेलेच तर त्या क्षणी १९३० ला फोन करायचा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर तेवढ्याच वेळात येतात.

पैसे देताना कंपनीच्या खात्यातच दे, मालकाच्या किंवा त्याच्या मेव्हण्याच्या जीपेवर नको. पावती मागितल्यावर ‘देतो नंतर’ म्हणाले तर ठामपणे सांग, की बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. परदेशी सहल असेल तर टीसीएस हा कर वेगळा दाखवून घे. ती कंपनीची फी नसते. तो तुमच्या पॅनवर जमा होऊन रिटर्न भरताना वळता होतो. कित्येक जण तो खर्चातच धरतात आणि सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाइलवर बुक करत असशील तर ‘फक्त १ खोली शिल्लक’ या लाल अक्षरांना घाबरू नकोस. खोटी घाई करणं, आपण न निवडलेला विमा गुपचूप बिलात घालणं, शेवटच्या पानावर नवे आकार काढणं, या सगळ्याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात, आणि नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ प्रकारांवर बंदी घातली आहे. स्क्रीनशॉट काढून ठेव.

आता तक्रारीचं. तुला भीती वाटते ती याचीच ना, कोर्ट, वकील, हेलपाटे? ऐक तर. पहिला फोन १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ प्रकरणं तेवढ्यावरच मिटतात. नाही मिटलं तर कंपनीला लेखी नोटीस, ठरावीक दिवसांची मुदत देऊन. मग जिल्हा ग्राहक आयोग. तू भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. करारात ‘सर्व वाद दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलं असेल, तरी २०१९ च्या कायद्याने तू राहतेस तिथल्या आयोगाकडे जायची मोकळीक दिली आहे, म्हणजे आपल्या नाशिकलाच. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर वर १५. त्यापलीकडे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे.

निकाल मात्र झटपट लागेल अशी आशा धरू नकोस. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून कंपनीने मध्येच तडजोडीचा चांगला प्रस्ताव दिला तर नुसत्या रागाने तो धुडकावू नकोस. पण ‘पैसे परत नाही, त्याऐवजी क्रेडिट नोट घ्या’ असं म्हणाले तर नीट विचार कर. तुला जायचंच नसेल तर ती नोट काय कामाची? लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या विमानांच्या तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये परताव्याचा आदेश दिला, तरी एजंटांकडे अडकलेले लोकांचे पैसे सोडवायला पुढची काही वर्षं गेली. ज्यांनी ई-मेल, पीएनआर, बँकेच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, त्यांचं काम त्यातल्या त्यात सोपं झालं.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढी वाट कशाला बघायची? आज रात्री मुलं झोपली की एका कोऱ्या कागदावर तारखा क्रमाने मांड: कुपन कधी भरलं, हॉलमध्ये काय काय कबूल केलं, किती पैसे कुठल्या कार्डावरून गेले, रद्द करायला पहिल्यांदा कधी कळवलं. कराराच्या प्रत्येक पानाचे फोटो काढ, मागच्या बाजूचेही, आणि मला पाठव. नोटिशीचा मसुदा आपण रविवारी मिळून लिहू. आणि बाबांना सांग, चारधामचा ॲडव्हान्स तोवर भरू नका. त्यांचं पत्रकही त्याबरोबरच वाचून काढू.