वजनकाटा आणि घरचा डॉक्टर

वाचकहो, आज एक सुताचा दोरा घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत आपली उंची मोजून तेवढाच तोडा. मग त्याची बरोबर मधोमध घडी घाला. हा दुहेरी दोरा कमरेभोवती लावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध लावायचा. दोन्ही टोके भेटली तर ठीक. भेटली नाहीत तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे असे समजावे. श्वास सोडून मोजावे. पोट आत ओढून टोके जुळवू नयेत. ही लबाडी आम्हीही करून पाहिली आहे.

आमच्या घरी दोरा जुळला नाही. त्याचीच ही हकीकत.

आमचे गाव औंढा नागनाथ तालुक्यातले. आमच्या मंडळींचे वय ५८. गुडघे दुखत, चढावर दम लागे. बाजाराच्या गावी एक डॉक्टर आहेत. माणूस भला. रात्री-अपरात्री दार उघडणारा. सहा वर्षे आम्ही त्यांच्याकडे जात होतो. गोळी मिळे, सुई मिळे, चार दिवस बरं वाटे. दवाखान्यात वजनकाटा होता, पण तो टेबलाखाली. त्यावर औषधांची पेटी ठेवलेली. सहा वर्षांत त्या काट्यावर मंडळींचा पाय एकदाही पडला नाही.

एके दिवशी गर्दी फार होती. डॉक्टर हसत हसत म्हणाले, "बाई, जरा खाणं कमी करा, म्हणजे गुडघे आपोआप थांबतील." बाकावरची माणसं हसली. डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हते. पण मंडळी घरी आल्या त्या गप्पच. मग वर्षभर त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नाही. गुडघ्याला तेल लावीत बसल्या.

त्याच वर्षात त्यांच्या रक्तातली साखर वाढत गेली आणि आम्हाला पत्ताच नाही.

पत्ता लागला तो आशाताईंमुळे. सरकारी योजनेत ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, साखर अशी तपासणी करतात. त्यासाठी आशाताई घरी येऊन एक कागद भरतात. त्यात तंबाखूचे विचारतात, घरात कोणाला मधुमेह आहे का ते विचारतात आणि कमरेचा घेर टेपने मोजतात. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की त्याचे गुण वाढतात. मंडळींचा घेर भरला ९७. आशाताई म्हणाल्या, "काकू, उद्या माझ्याबरोबर केंद्रात चला." प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासली. ती वाढलेली निघाली.

तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी आधी दार लोटून घेतले. मग विचारले, "काकू, तुमच्या वजनाविषयी बोलले तर चालेल का?" हा एवढा प्रश्न सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मंडळी म्हणाल्या, "बोला की!" मग काटा आला, उंची मोजली. वजन ७२ किलो, उंची दीड मीटर.

ज्यांना भागाकार येतो त्यांनी हे गणित करावे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. ७२ भागिले दीड म्हणजे ४८. ४८ भागिले दीड म्हणजे ३२. हा आकडा आपल्या लोकांत २३ च्या आत असावा. २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. गोऱ्या लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

आपल्याला माप कडक का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. बाळे लहानखुरी, सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची. इंग्लंडची बाळे साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने जास्त निघाली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक स्वतः याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. वर सांगितलेला भागाकार दोघांचाही सारखाच, २२ च्या जरा वर. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात शंभरातले ९ भाग आणि याज्ञिकांच्या अंगात २१ भाग! म्हणून काट्याबरोबर दोराही हवा. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्या गावात कमी आहेत का?

कोणी म्हणेल, मास्तर, आमच्याकडे उपासमार आहे आणि तुम्ही चरबीच्या गोष्टी सांगता. खरे आहे, दोन्ही आहे. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत २४ जणींचा आकडा २५ च्या वर होता, आणि १९ जणी फार रोड होत्या. एकाच घरात सासूचे वजन जास्त आणि सुनेच्या अंगात रक्त नाही, हेही आम्ही पाहतो. सुनेने या धड्यावरून जेवण कमी करू नये.

वजन वाढते याला माणसाचा आळसच कारण असतो असे नाही. जात्यावरचे दळण गेले, आडाचे पाणी शेंदणे गेले. हळद शिजवायला बॉयलर आले, घासायला पॉलिशचे ड्रम आले. शेताला मोटारसायकलवर जातो. हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. जात्याने बायकांचे खांदे मोडत. पण काम घटले आणि चहातली साखर मात्र तेवढीच राहिली.

डॉक्टरीण बाईंनी साखरेचाच हिशेब आधी घातला. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे. एक चमचा ५ ग्रॅमचा. दिवसाचे ५० ग्रॅम, महिन्याची दीड किलो. ती एकट्या माणसाच्या पोटात! तेलाचेही तसेच. एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक, एक ग्रॅम तेलात ९. त्यांनी भाकरी बंद करा म्हटले नाही. उलट ज्वारीची भाकरी ठेवा, वरण आणि पालेभाजी वाढवा, फोडणीचे तेल चमच्याने मोजा, एवढेच सांगितले. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून पाय उचलण्याचा व्यायाम दाखवला. साखरेची गोळी सुरू केली आणि बजावले की गोळी चालू असताना मनाने उपास धरायचा नाही, साखर एकदम उतरून चक्कर येते.

किती उतरवायचे? त्या म्हणाल्या, शंभराला पाच. म्हणजे ७२ किलोत साडेतीन किलोच्या आसपास. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर ताब्यात यायला मदत होते. आणि कागदावर पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.

आमच्या मते सगळे मर्म त्या तारखेत आहे. इंग्लंडात २०१६ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १३७ डॉक्टर, १८८२ रोगी. माणूस दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेला. जाताना डॉक्टर फक्त अर्धा मिनिट वजनाचे बोलत. निम्म्यांना नुसते सांगत, वजन उतरले तर बरे. उरलेल्यांना म्हणत, बारा आठवड्यांचा फुकट वर्ग आहे, नाव आत्ताच घालतो, चार आठवड्यांनी मला भेटा. वर्षाने पाहिले तर पहिल्यांचे सरासरी एक किलो उतरले, दुसऱ्यांचे जवळजवळ अडीच किलो. आणि बोलले म्हणून राग आलेला माणूस शंभरात एकसुद्धा नव्हता.

आपल्याकडे असे वर्ग कुठले? पण बचत गट गावोगाव आहेत. गटाने एक काटा घेतला तर महिन्याच्या बैठकीत वजन होईल. बायकांनी संध्याकाळी नुसते फिरायला जायचे तर "कुठं निघालात?" असे चारजण विचारतात. मंडळी शेजारणीला घेऊन देवळाच्या निमित्ताने वेशीपर्यंत जाऊ लागल्या.

आठ महिन्यांत वजन ६८ वर आले. मध्ये लग्नसराईत एक किलो वाढले होते, तेव्हा त्या केंद्रात जायला कचरत होत्या. डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. कागदावर आकडा लिहिला आणि पुढची तारीख दिली.

मग आम्ही आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो, भांडायला नव्हे. सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मास्तर, दिवसाला साठ माणसं येतात. सुई दिली नाही तर म्हणतात डॉक्टरने काही केलंच नाही. बोलण्याचे पैसे कोण देतो?" यातही खोटे काही नाही. आपणच सुईचा हट्ट धरतो. वजन करा असे आपणही कधी म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही सर्दीसाठी तिथे गेलो होतो. पेटी खाली उतरली होती. काटा दाराशी भिंतीला लावलेला. कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, चप्पल काढून आधी यावर उभे राहा." आमचे भरले ७४.