वाळवंटातील घर : माती, जिवाणू आणि यंत्र

वाळवंटात दिवसा कडक ऊन, तर रात्री गारवा असतो. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते व ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. इजिप्तचे वास्तुशिल्पज्ञ हसन फथी यांनी १९४५ नंतर लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, 'नवे गुर्ना' हे गाव याच तत्त्वावर उभारावयास घेतले. कच्च्या विटांच्या कमानदार छतांना लाकडी आधारही लागला नाही. ते कसब नुबियन गवंड्यांचे होय.

आज तीच माती संगणकाच्या हाती आली आहे. इटलीत मास्सा लोम्बार्दा येथे २०२१ साली यंत्राने स्थानिक मातीचे थर एकावर एक रचून 'टेक्ला' हे घुमटाकार घर बांधण्यात आले. वाळू घट्ट करण्यासाठी शास्त्रज्ञ जिवाणूंचेही साह्य घेत आहेत. 'स्पोरोसार्सिना पाश्चुरी' हा जिवाणू युरियाचे विघटन करतो. त्यातील कार्बोनेट कॅल्शियमशी संयोग पावून चुनखडी बनते व वाळूचे कण जखडले जातात. मात्र या क्रियेत अमोनियाही निर्माण होतो. त्याची विल्हेवाट लावावी लागते.

तथापि नव्या गुर्नाचा धडा याहून मोठा आहे. प्राचीन थडग्यांच्या परिसरात राहणाऱ्या ग्रामस्थांना हलविण्यासाठी शासनाने ती योजना आखली होती. घरे हवामानाला साजेशी होती; पण ग्रामस्थांनी विरोध केला आणि गाव अपुरेच राहिले. गावाचे पुनर्वसन ज्यांच्या हाती असते, त्यांनी नकाशा काढण्यापूर्वी ग्रामस्थांचे मत विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.