कापरा हात आणि स्थिर चित्र

दहिसरच्या आमच्या घरी एक जुने छायाचित्र जपून ठेवलेले आहे. कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे तेथील मोठ्या चैत्यगृहात, एका अष्टकोनी खांबाशी माझी आजी बसलेली आहे. मी तेव्हा तुमच्याएवढाच, बारा वर्षांचा होतो. मामांकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने मी ते टिपले. छायाचित्र धुऊन आले तेव्हा आजीचा चेहरा पुसट, फरकाटल्यासारखा दिसत होता. "आजी हलली!" असे मी तत्काळ जाहीर केले व चित्राच्या पाठीमागे शाईने लिहूनही ठेवले. "हलले असेन रे बाबा," म्हणून आजीने तो दोष पदरात घेतला. तिचे दुसरे छायाचित्र काढण्याचा योग पुढे आला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नातीला घेऊन त्याच चैत्यगृहात गेलो. आतला प्रकाश पूर्वीसारखाच मंद होता. माझा हात मात्र आता वयोमानाने कापतो. तरीही नातीच्या मोबाइलवर मी तिचे चित्र टिपले, तो ते अगदी स्वच्छ आले! हे कसे घडले?

प्रथम चित्र का बिघडते ते पाहू. कॅमेऱ्याची झडप उघडली की भिंगातून प्रकाश आत येतो आणि फिल्मवर, अथवा हल्लीच्या कॅमेऱ्यातील संवेदकावर, प्रतिमा उमटते. भर उन्हात सेकंदाचा ५००वा भाग एवढा अवधीही पुरतो. परंतु अंधाऱ्या लेण्यात अर्धा सेकंददेखील लागतो. तेवढा वेळ हात स्वस्थ राहत नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदातून आठ-दहा वेळा सूक्ष्मपणे कापत असतो. आरशाने भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. आरसा थोडासा कलला, तरी दूरच्या भिंतीवरील कवडसा केवढा तरी सरकतो. कॅमेरा कलला की आतली प्रतिमाही अशीच सरकते व तिचा फरकाटा उमटतो. दूरचे जवळ आणून दाखविणाऱ्या भिंगात हा दोष अधिकच वाढतो. यास्तव छायाचित्रकार एक ढोबळ नियम पाळीत: भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल, तर हातात धरलेल्या कॅमेऱ्याची झडप १/५० सेकंदाहून अधिक काळ उघडी ठेवू नये, २०० मिलिमीटर असेल, तर १/२०० सेकंदाहून अधिक नको.

याहून अधिक वेळ हवा असेल, तर कॅमेरा घट्ट बसविणे हाच जुना उपाय. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो अंकुर भराभर वाढताना दिसला. मध्येच कॅमेरा सरकला असता, तर बिचारे रोप पडद्यावर उड्याच मारू लागले असते! परंतु चालत्या नावेत किंवा गर्दीत तिपाईचा आधार कोठून मिळणार?

निसर्गाने यावर फार पूर्वीच तोड काढली आहे. हे पुस्तक समोर धरा आणि डोके डावीउजवीकडे हलवीत वाचा. अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे एकमेकांत मिसळून जातात! कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळल्याचे त्यांना कळते, त्या मेंदूला वर्दी देतात आणि डोळे तितकेच उलट दिशेस वळतात. पुस्तक हलते तेव्हा मात्र नलिकांना काहीच कळत नाही.

कॅमेऱ्यात या नलिकांचे काम जायरोस्कोप नावाचे इवलेसे उपकरण करते. कॅमेरा कोणत्या बाजूस व किती वेगाने वळला, हे ते सांगते. त्यावरून क्षणार्धात हिशेब होतो आणि विद्युत्-चुंबकाच्या साह्याने आतील एक भिंग असे सरकविले जाते, की प्रतिमा जागच्या जागी राहावी. काही कॅमेऱ्यांत भिंगाऐवजी संवेदकच सरकतो. कॅनन कंपनीने १९९५ साली कॅमेऱ्याच्या सुट्या, बदलता येणाऱ्या भिंगात ही सोय आणली. आज ती पुष्कळ मोबाइलमध्येही असते. काही मोबाइल तर अल्पावधीची अनेक चित्रे भराभर घेऊन ती एकमेकांवर जुळवितात.

तथापि ही सारी युक्ती चालते ती कॅमेऱ्याच्या हालचालीवर. नातीचे मी दुसरे चित्र घेतले, तेव्हा तिने मध्येच मान वळविली. मागचा खांब रेखीव उमटला आणि तिचा चेहरा तेवढा पुसट झाला.

घरी आल्यावर ते चित्र मी आजीच्या छायाचित्राशेजारी ठेवले आणि दचकलोच. जुन्या चित्रात केवळ आजीचा चेहरा पुसट नव्हता. खांबाच्या कडा, खालची फरसबंदी, आजीच्या लुगड्याचे काठ, या सर्वांवर एकाच दिशेने, सारखाच तिरपा फरकाटा ओढला गेला होता. दगडी खांब तर हलला नसेल! इतकी वर्षे ते चित्र पाहत आलो; पण खांबाकडे माझे लक्ष कधी गेलेच नव्हते.

मी चित्र उलटे केले. माझ्या बाळबोध अक्षरांतली ती शाई आता फिकट झाली आहे. "आजी हलली" ही अक्षरे मी खोडली आणि त्यांच्याखाली "माझा हात हलला" असे लिहून त्या दिवसाची तारीख घातली.