खताचा हिशेब आणि ‘क्ष’



“साहेब, एकराला युरिया किती पोती टाकू?” सुरू लागणीच्या दिवसांत बांधावर आम्हाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. आकडा पाठ करण्यापेक्षा तो आपला आपण काढता आला पाहिजे. त्यासाठी शाळेतले बीजगणित पुरते. जे ठाऊक नाही त्याला ‘क्ष’ म्हणायचे आणि ठाऊक आहे त्यावरून ते शोधायचे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. अडीचने भागा. एकरी १००, ४६ व ४६ किलो झाले.

पहिले गणित स्फुरदाचे. १०० किलो डीएपीत ४६ किलो स्फुरद व १८ किलो नत्र असते. डीएपी ‘क्ष’ किलो धरू.

०.४६ क्ष = ४६
क्ष = १०० किलो, म्हणजे ५० किलोची दोन पोती.

दुसरे गणित नत्राचे. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. डीएपीतून १८ किलो नत्र आलेच आहे. आता युरिया ‘क्ष’ किलो धरू.

१८ + ०.४६ क्ष = १००
०.४६ क्ष = ८२
क्ष = सुमारे १७८ किलो.

युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे आहे. म्हणजे चार पोती.

पुष्कळांचे चुकते ते इथेच. डीएपीतले १८ किलो धरले नाहीत, तर उत्तर २१७ किलो येते, म्हणजे जवळजवळ पाच पोती. एक पोते फुकट! पैसा तर जातोच, शिवाय जादा नत्राने ऊस लोळतो, कीड वाढते, उतारा घटतो.

ही चार पोती एकदम टाकू नका. लागणीला डीएपीचे एक पोते द्या; त्यातले ९ किलो नत्र पहिल्या हप्त्याला पुरते. मग युरिया ६ ते ८ आठवड्यांनी दोन पोती, १२ ते १६ आठवड्यांनी अर्धे आणि मोठ्या बांधणीला डीएपीच्या उरलेल्या पोत्यासोबत दीड.

माती परीक्षणाप्रमाणे आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पालाशचे गणित घरी मुलांना बरोबर घेऊन सोडवा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. (उत्तर : सुमारे ७७ किलो, म्हणजे ५० किलोची साधारण दीड पोती, निम्मे लागणीला, निम्मे बांधणीला.)