ग्वारीघाटाची इतिहासफेरी: पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

जबलपूरला गेलेले बहुतेक मराठी प्रवासी भेडाघाट पाहतात आणि ग्वारीघाटावर फक्त संध्याकाळच्या नर्मदा आरतीपुरते येतात. त्याऐवजी आरतीच्या दोन तास आधी पोहोचावे आणि माहीतगार माणसाबरोबर परिसर पायी फिरावा. घाट, देवळे, आरती यांना तिकीट नाही. खर्च होतो तो वाटाड्याच्या वेळेचा, नावेचा आणि रिक्षाचा.

चौघांसाठी अंदाज (हे दरपत्रक नव्हे, घरून निघताना एवढे धरून चालावे)

- वाटाड्या, दोन तास: १,२०० रु.
- नाव, जाऊन-येऊन: ५०० रु.
- स्टेशनपासून रिक्षा, दोन्ही वेळा: ५०० रु.
- दिवा, प्रसाद, चहा: २०० रु.

एकूण २,४०० रु., म्हणजे माणशी ६००. दोघेच असाल तर वाटाड्याचा खर्च माणशी दुप्पट पडतो, म्हणून सोबत जमवून जाणे परवडते.

वाटाड्या. मानधन माणशी की सगळ्यांचे मिळून, हे आधीच विचारा. तो फक्त देवळांची नावे सांगणार असेल तर पैसे वाया गेले समजा, कारण इथे सांगण्यासारखा इतिहास बराच आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १७९८ पासून १८१७ पर्यंत होता. गोंदियाकडे जाणारी ७६२ मिमी रुंदीची नॅरोगेज गाडी ग्वारीघाटावरून धावायची; ती २०१५ मध्ये बंद झाली आणि आता तिथे ब्रॉडगेज आहे. जवळच्या तिलवाराघाटाशी १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन आणि गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन जोडलेले आहे. यातले काय काय दाखवणार आणि काय फक्त बोलून सांगणार, ते ठरवून घ्या.

नाव. पलीकडच्या काठावर गुरुद्वारा आहे. गुरू नानकदेव इथे आले होते, अशी शीख परंपरा सांगते. दर्शन आणि लंगर विनामूल्य. डोके झाकायला रुमाल जवळ ठेवा. बसण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट करा: भाडे एका जागेचे की पूर्ण नावेचे, परतीचे धरून की नाही, आणि लाइफ जॅकेट मिळणार का. परिक्रमेत असाल तर हा खर्च आपोआप वाचतो, कारण परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत.

दक्षिणा. पूजा सांगण्याआधी रक्कम विचारण्यात संकोच नको. आरती पाहण्यासाठी कुणालाही पैसे देण्याची गरज नाही.

केव्हा जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नर्मदा जयंती, मकरसंक्रांत आणि कार्तिकी पौर्णिमा टाळा. गर्दीत वाटाड्याचा आवाजही पोहोचत नाही. पावसाळ्यात वरच्या बाजूच्या बरगी धरणातून पाणी सोडले की पायऱ्या बुडतात, तेव्हा नावेचे पैसे आगाऊ देऊ नका.