भरतीचे पाणी आणि नाल्याचे मुख

वऱ्हाडात समुद्र नाही. तथापि पूर्णा दुथडी भरून वाहू लागली, की तिला मिळणाऱ्या नाल्याचे पाणी मुखाशीच अडते आणि मागे फुगते, हे मूर्तिजापूर परिसरातील नदीकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. मुंबईचा पूरप्रश्न याच जातीचा आहे. तेथे पूर्णेच्या जागी अरबी समुद्र आहे, इतकेच.

मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती विशेष उंच असते व पावसाळ्यात कधी साडेचार मीटरपेक्षाही वर चढते. शहराचे पावसाचे पाणी १८६ मुखांवाटे बाहेर पडते. त्यांपैकी ४५ मुखे समुद्राच्या सरासरी पातळीखाली, तर १३५ मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वर आहेत केवळ सहा. भरतीच्या वेळी दरवाजे उघडे ठेवावेत तर समुद्र आत शिरतो; बंद करावेत तर पावसाचे पाणी आतच तुंबते.

२००५ चा धडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी भरतीही होती. मिठी नदीचे पात्र अतिक्रमणांनी आवळलेले होते. शेकडो माणसे प्राणास मुकली. जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ही क्षमता दुप्पट करण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना १९९३ पासून कागदावर होती. तिला खरी गती या आपत्तीनंतर मिळाली.

उपाय व त्यांची मर्यादा

पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. दरवाजे बंद असतानाही ती पाणी उपसून समुद्रात टाकतात. हिंदमाता भागातील पाणी ओहोटी येईपर्यंत साठविण्यासाठी भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. लाटांचा जोर मोडणाऱ्या खारफुटीच्या रक्षणासाठी २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कक्ष स्थापन झाला, आणि मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला.

परंतु १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे व ती वाढतच आहे. ती जितकी वाढेल, तितका नाल्यांचे पाणी आपोआप वाहून जाण्याचा अवधी घटेल. यंत्रांवरील भार व खर्च वाढतच जाईल.

आपल्या गावासाठी

नाला कितीही रुंद केला, तरी त्याची उपयुक्तता मुखाशी ठरते. म्हणून ग्रामपंचायतींनी मृगापूर्वी नाल्याचे मुख प्रथम तपासावे, पात्रातील अतिक्रमण वेळीच रोखावे आणि पाणी थोपवून धरणारी सखल जागा भराव टाकून बुजवू नये. शिक्षकांनी पुलाच्या खांबावर दरवर्षीच्या पुराची खूण विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. काही वर्षांत गावाची स्वतःची नोंद तयार होईल. ज्या गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे येथे गेले, त्यांनी हाती खराटा घेऊन गावोगावच्या वाटा झाडल्या. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हेही त्याच परंपरेतील काम होय.