तोंडाचा कॅन्सर नसेच्या वाटेनेही पसरतो



महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी नगरच्या टपऱ्यांवर मावा मळून मिळतोच, आणि पहाटे मशेरी लावणाऱ्या आयाबाया आपल्या वस्त्यांत आजही आहेत. यातून तोंडाचा कॅन्सर होतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. तो नसेतून कसा पसरतो, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

नस म्हणजे कोणती?

इथे नस म्हणजे रक्ताची नळी नव्हे, तर मज्जातंतू. गरम-गार, दुखणे, स्पर्श हे सारे त्यातून मेंदूला कळते. खालच्या जबड्याच्या हाडातून अशी एक नस जाते आणि हनुवटीपाशी बाहेर येते. खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटी यांची जाणीव तिच्याकडे असते. जिभेची नस वेगळी. कॅन्सरच्या पेशी नसेच्या आवरणाला धरून, वायरवरून मुंग्या चालाव्यात तशा पुढे सरकतात. वरून जखम लहान दिसते, पण आत रोग लांब गेलेला असू शकतो.

ही लक्षणे ओळखा

- खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर होणे
- मुंग्या येणे, आग होणे, कानापर्यंत कळ जाणे
- तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंड कमी उघडणे

दाढ काढल्यावर किंवा दाताला पू झाल्यावरही ओठ बधिर होतो, म्हणून लगेच घाबरू नका. पण “दुखत नाही, म्हणजे बरे झाले” असेही समजू नका. काही वेळा दुखणे थांबते, कारण नसच निकामी झालेली असते.

उपचारात काय फरक पडतो?

नसेतला बारीक प्रसार सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. म्हणून ऑपरेशननंतरचा तपासणी अहवाल महत्त्वाचा. त्यात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ किंवा ‘पीएनआय’ आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तसे असेल तर रोग परत येण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मानेच्या गाठी, गाठीची खोली हेही पाहून डॉक्टर बहुधा शेक, म्हणजे किरणोपचार, सांगतात. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा. आठवड्यातून पाच दिवस, असा तो सुमारे सहा आठवडे चालतो. त्याआधी किडलेले दात दाखवून घ्या.

“गाठ काढली, आता कशाला शेक?” असे म्हणून माणसे घरी बसतात. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उपचार मध्येच सुटतो. कोयता उशिरा धरता येईल. नसेत उरलेला रोग थांबत नाही. मुकादमाची उचल अंगावर असेल तर वस्तीने मिळून त्याच्याशी बोलावे. आजारी माणसाला एकटे पाडू नये.

आता काय करायचे?

संशय आला की जिल्हा रुग्णालयात दंतविभागात तोंड दाखवा. तुकडा काढून तपासल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

आज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाचे तोंड बॅटरी लावून पाहा. आजीचेही.